रोगाचं सोंग घेणारं ऑर्किड

प्रश्न : एका ऑर्किडची पानं म्हणे बुरशी लागल्यासारखी दिसतात, पण ती निरोगी असतात. नातीने सांगितलं, मला काही पटेना. – एक आजोबा, चिपळूण

उत्तर : नातीची पाठ थोपटा, आजोबा! नैर्ऋत्य चीनच्या डोंगरांत सायप्रिपेडियम फार्जेसी नावाचं ठेंगणं ऑर्किड आहे. जमिनीलगत पसरलेली दोनच पानं, त्यांवर काळे डाग. भिंगातून पाहिलं तर डागांवर बारीक केसांचे पुंजके, म्हणजे हुबेहूब क्लॅडोस्पोरियम बुरशी. फुलाच्या वासातली काही रसायनंही त्या बुरशीच्या वासात असतात. मध मात्र थेंबभर नाही! 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या फुलावर येणाऱ्या ॲगॅथोमायिया माश्यांच्या पायांवर, तोंडावर याच बुरशीचे बीजाणू सापडले. बुरशी खायला आलेली माशी फुलाच्या पिशवीत शिरते आणि अंगाला पराग फासून बाहेर पडते. खरी बुरशी पान पोखरते. ही नुसती नक्कल, पान धडधाकट. लबाडी म्हणावी तर इतकी बेमालूम क्वचितच दिसते.

तुमच्या गच्चीतल्या ऑर्किडवर मात्र डाग पसरत असतील, तर तो रोगच. ते पान कापून टाका आणि पाणी घालताना पानं भिजवू नका.