ठाण्याच्या आमच्या गटाने जानेवारीत अमिरातीतील हजर पर्वताच्या कोरड्या नदीघळीत एका दिवसाचा ट्रेक करावा का?

अवश्य करावा. माहुली किल्ला आणि सांधण दरी केलेल्या गटाला तिथली चाल जड जाणार नाही. फसवते ती कोरडी हवा. ठाण्याच्या दमट हवेत शर्ट भिजला की घाम गेल्याचे कळते, तिथे मात्र तो लगेच उडून जातो आणि कॉलरवर मिठाची पांढरी रेघ उमटेपर्यंत अंगातले पाणी किती कमी झाले याचा अंदाजच येत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे आणि प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर न्यावे. वाटेतल्या कुंडांवर विसंबू नये.

तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यातच पडतो. डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी वरच्या अंगाला सर कोसळल्यास उघड्या खडकावरून पाणी न मुरता लोंढ्याने घळीत उतरते, त्यामुळे हवामानाचा इशारा असल्यास बेत सरळ रद्द करावा. पूर आलेल्या घळीत गाडी घालणाऱ्यास २०२३ पासून २००० दिरहम दंड आहे, आणि तो रास्तच आहे.

गोट्यांवर घोटा मुरगळतो, तेव्हा झिजलेले पावसाळी बूट नकोत. सूर्यास्त सहाच्या सुमारास होत असला, तरी घळीत अंधार आधीच पडतो. दुपारी दोनला परत फिरावे.