स्टिपा टेन्युइसिमा की नॅसेला टेन्युइसिमा : एकाच शोभेच्या गवताची दोन नावं, बरोबर कोणतं?

दोन्ही नावं एकाच गवताची. आज वापरायचं ते नॅसेला टेन्युइसिमा. स्टिपा हे त्याचं जुनं नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रिनियस यांनी १८३६ मध्ये ते स्टिपा या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नोंदवलं, १९९० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बार्कवर्थ यांनी नॅसेला या प्रजातीत हलवलं. 'टेन्युइसिमा' म्हणजे अतिशय बारीक. पानं हातात घेतलीत की पटेल.

बदल उगाच केलेला नाही. एक दाणा भिंगाखाली धरा. जेमतेम २-३ मिलिमीटरचा दाणा आणि त्याला कित्येक सेंटिमीटर लांब, केसासारखं कुसळ! दाण्यावरच्या बाहेरच्या तुसाच्या कडा एकमेकींवर घट्ट चढलेल्या असतात, आतलं तूस मात्र आखूड. ही नॅसेलाची खूण. खऱ्या स्टिपात आतलं तूसही जवळपास बाहेरच्याएवढंच लांब असतं. शिवाय नॅसेला मूळची अमेरिका खंडांतली, स्टिपा युरोप-आशियाकडची.

रोपवाटिकांच्या पाट्यांवर जुनं नाव अजून सर्रास दिसतं, त्यामुळे खरेदी करताना दोन्ही शोधा. वहीत मात्र 'नॅसेला टेन्युइसिमा (ट्रिनियस) बार्कवर्थ' असंच लिहा. कंसातलं नाव मूळ वर्णन करणाऱ्याचं, बाहेरचं प्रजाती बदलणाऱ्याचं.

आणि हो, लावण्याआधी तुमच्याकडे ते तण म्हणून बंदी घातलेलं नाही ना, हे बघा. ऑस्ट्रेलियात त्यावर बंदी आहे.