ट्रेलर ओढायचा असेल तर पूर्ण इलेक्ट्रिक ट्रक घ्यावा की रेंज-एक्स्टेंडेड?

तुमचा प्रश्न असा आहे: डेन्व्हरजवळ घर, गॅरेज आहे, ऑफिसला रोज जाऊन-येऊन तीसेक मैल, दारात 25 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर) जो सामान भरून 6,500 पौंडांवर जातो, आणि उन्हाळ्यात युटाहची नॅशनल पार्कं करायची असतात. पुढचा पिकअप पूर्ण इलेक्ट्रिक घ्यावा की पेट्रोलचा जनरेटर असलेला रेंज-एक्स्टेंडेड?

मीही कोलोरॅडोतच राहतो आणि पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपला कॅम्पर लावून फिरतो. माझं मत विचाराल तर तुमच्या वापराला रेंज-एक्स्टेंडेड बरा. पण लोक त्याच्या ज्या आकड्यावर भाळतात, त्या आकड्यासाठी नव्हे. आणि ट्रेलर उन्हाळ्यात एखाददोनदाच बाहेर निघत असेल, तर माझं उत्तर उलटं होईल.

इलेक्ट्रिक ट्रकची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, ट्रेलर लावला की निम्मी होते, असं सगळे सांगतात. उंच कॅम्परला तेही जरा उदारच आहे. मोटरट्रेंड मासिकाने 300 मैल रेंजचा फोर्ड एफ-150 लाइटनिंग घेऊन तीन वेगवेगळे कॅम्पर ओढून पाहिले. 3,140 पौंडांच्या ट्रेलरला 115 मैल मिळाले, 5,260 च्या ट्रेलरला 100 आणि 7,218 च्या ट्रेलरला 90. वजन दुपटीहून जास्त झालं तरी फरक फक्त 25 मैलांचा. म्हणजे रेंज खातो तो वारा. तुमच्या ट्रेलरचा पुढचा चेहरा किती उंच नि किती रुंद आहे आणि तुम्ही ताशी 60 मैलांनी जाता की 75 ने, यावर सगळं ठरतं. कॅम्परमधून चार भांडी कमी करून काही साधत नाही. वेग दहाने उतरवलात तर लगेच जाणवतं.

आता तुमचा रस्ता बघू. आय-70 महामार्गाने कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनपर्यंत चार्जर मिळत जातात, तिथवर काळजी नाही. पण युटाहमध्ये ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत शंभराहून जास्त मैल पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, काही नाही. अमेरिकेच्या इंटरस्टेटवरचा सोयींविना सगळ्यात लांब पट्टा तो हाच. वर चढही आहे: ग्रीन रिव्हर साधारण 4,000 फुटांवर आणि मधला घाटमाथा जवळपास 8,000 वर. मोआबला जाणार असाल तर हा पट्टा लागतच नाही. झायन, ब्राइसला या वाटेने जायचं तर लागतो, आणि 90-100 मैलांची गाडी तिथे ट्रेलरसकट पार होत नाही. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीची सर्वांत मोठी बॅटरी 205 किलोवॉट-तासांची आहे. मैलाला एक युनिट (म्हणजे एक किलोवॉट-तास) धरलं तर ती गाडी पार होईल, पण तो अख्खा ट्रकच चाकांवरचा पॉवरबँक आहे, आणि किंमतही तशीच.

रेंजपेक्षा मला जास्त वैताग येतो तो चार्जरवर पोचल्यावर. बहुतेक चार्जर पार्किंगच्या खाचेत असतात. पेट्रोल पंपासारखं एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघावं, अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मग ट्रेलर सोडायचा. चाकांना अटकाव लावा, जॅक खाली करा, वजन वाटून देणाऱ्या हिचचे (गाडी-ट्रेलर जोडणाऱ्या आकड्याचे) स्प्रिंग बार काढा (हे ताणलेले असतात, बोटं सांभाळा), सात पिनांचा प्लग, सुरक्षा साखळ्या, ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी), एकेक करून सगळं सोडवा. तेवढ्यात वॉलमार्टच्या पार्किंगमधला कोणीतरी खिडकी खाली करून विचारतो, "किती वेळ लागणार?" चार्ज झाला की तेच सगळं उलट्या क्रमाने, आणि गाडी मागे घेताना बायको हातवारे करणार. एकदा गंमत वाटते. एका दिवसात तीनदा केलं की मुलंसुद्धा बोलेनाशी होतात.

रेंज-एक्स्टेंडेड गाडीत हे टळतं, कारण पंप ट्रेलरवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून बांधलेले असतात. या गाडीतही चाकं फिरवते ती मोटरच. इंजिनाचा चाकांशी काही संबंध नसतो, ते फक्त वीज बनवतं. रॅम या पिकअप बनवणाऱ्या कंपनीने 2023 च्या नोव्हेंबरात असा ट्रक जाहीर केला: 92 किलोवॉट-तासांची बॅटरी, 3.6 लिटरचं व्ही-6, 130 किलोवॉटचा जनरेटर, 27 गॅलनची टाकी, 14,000 पौंड ओढायची क्षमता आणि एकूण 690 मैलांचा दावा. नंतर तारखा पुढे सरकत गेल्या. 2025 च्या सप्टेंबरात कंपनीने आपला पूर्ण इलेक्ट्रिक रॅम रद्द केला आणि त्याचं आरईव्ही हे नाव याच गाडीला दिलं. त्याच डिसेंबरात फोर्डनेही पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग थांबवून पुढची लाइटनिंग रेंज-एक्स्टेंडेड असेल असं जाहीर केलं. फोक्सवॅगनच्या स्काउटने 2024 मध्ये टेरा हा पिकअप दाखवला, त्यातही दोन्ही पर्याय. म्हणजे तुमच्या प्रश्नावर कंपन्यांचं मत कुठे झुकतंय ते दिसतंच आहे.

तरी 690 या आकड्यावर जाऊ नका. मी जनरेटरचे किलोवॉट बघतो.

भारतातल्या सोसायटीत लाइट गेल्यावर जनरेटर लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे चालतात. सगळ्यांनी एसी आणि गीझर लावले की तो बसतो. इथेही तसंच. सपाट रस्त्यावर 65 च्या वेगाने तुमचा ट्रेलर ओढायला साधारण 65 किलोवॉट लागतील. 130 चा जनरेटर ते आरामात देईल, वर बॅटरीही भरेल. पण डेन्व्हरहून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना गाडी आणि ट्रेलर मिळून 14,000 पौंड, 6 टक्के चढ, वेग 60. नुसत्या चढाचेच 100 किलोवॉट होतात, वारा आणि टायर धरून 160 च्या आसपास. वरचे तीस कुठून येणार? बॅटरीतून. बॅटरीत काही शिल्लक असेल तर गाडीला चढ कळणारही नाही. रिकामी असेल तर ट्रकवाल्यांच्या लेनमध्ये धोक्याचे दिवे लावून चढा. त्यातून बोगदा 11,000 फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार फुटांना साधारण 3 टक्क्यांनी उतरतो. मोटरला त्याचं काही नाही, जनरेटरच्या इंजिनाला आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 2014 साली अमेरिकेत आलेल्या बीएमडब्ल्यू आय3 च्या रेंज-एक्स्टेंडर मॉडेलमध्ये 647 सीसीचं, मुळात स्कूटरचं इंजिन होतं. युरोपात चालक ते आधीच सुरू करून बॅटरी राखून ठेवू शकत होता. अमेरिकेतल्या गाडीत ती सोय बंद होती, बॅटरी अगदी तळाला गेल्यावरच इंजिन चालू व्हायचं. लांब चढावर गाड्या मंदावल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून डीलरला पहिला प्रश्न हा विचारा: बॅटरी अमुक टक्क्यांवर राखून ठेव, असं मला गाडीला सांगता येतं का? गोल्डनला, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी, बॅटरी निम्मी तरी भरलेली हवी. उतारावर बरंचसं परत मिळतं आणि ब्रेकही तापत नाहीत. हे सुख दोन्ही प्रकारच्या गाड्यांत आहे. त्यासाठी तरी मी परत पेट्रोलवर जाणार नाही.

पैशाचंही बघू. गॅलनभर पेट्रोलमध्ये 33.7 किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन आणि जनरेटरमधून त्यातला तिसरा हिस्सा मोटरपर्यंत पोचला तर 11. म्हणजे ट्रेलर ओढताना गॅलनला 11 मैल, तुमचा जुना पिकअप देत असेल जवळपास तेवढंच. 27 गॅलनचे तीनशे मैल आणि बॅटरीचे सत्तरेक, म्हणजे 690 चे झाले पावणेचारशे. मला ते पुरेसे वाटतात, पण इंधन वाचेल म्हणून ही गाडी घेऊ नका. बचत होते ती सोमवार ते शुक्रवार, घरच्या प्लगवर. गंमत म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिकचंही प्रवासात काही स्वस्त पडत नाही. हायवेवरच्या वेगवान चार्जरला युनिटमागे 50-60 सेंट द्यावे लागले की मैलाचा खर्च पेट्रोलच्या वर जातो.

मग पूर्ण इलेक्ट्रिक कोणी घ्यावी? ज्याचा तळ घरापासून 60-70 मैलांवर असतो त्याने. तुम्ही बहुतेकदा एस्टीस पार्क किंवा तशा जवळच्या ठिकाणी जात असाल, तर ट्रेलर वाटेत कुठे सोडावाच लागत नाही. कॅम्पग्राउंडवर 50 अँपिअरचा प्लग असला तर तासाला साडेनऊ युनिटं, रात्रभरात 90 च्या वर. फक्त बुकिंग करताना गाडी चार्ज केलेली चालेल का ते विचारा, काही ठिकाणी मनाई असते, काही जास्तीचे पैसे लावतात. वर इंजिन नाही, ऑइल नाही, बिघडण्यासारखं कमी. रेंज-एक्स्टेंडेडमध्ये दोन्ही संसार सांभाळायचे असतात, हेही लक्षात असू द्या. इलेक्ट्रिक गाडीवरची अमेरिकेच्या केंद्र सरकारची 7,500 डॉलरची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली, त्यामुळे आज घाईने नवी गाडी उचलण्याचं ते कारणही उरलेलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर जुना पिकअप अजून एक-दोन उन्हाळे चालवला असता आणि एक्स्टेंडेड गाड्या लोकांच्या हातात पडून आय-70 चढल्या की मग ठरवलं असतं.

कोणतीही घ्या, सही करण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर असतं, आणि ब्रोशरमधला आकडा त्याहून मोठा असतो. 6,500 पौंडांचा ट्रेलर हिचवर 10 ते 15 टक्के, म्हणजे 650 ते 975 पौंड टाकतो. त्यात तुम्ही चौघं, सायकली, कूलर, आणि भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांच्या बॅगा. मोठ्या बॅटरीच्या गाडीत ओढायची ताकद शिल्लक राहते आणि हा आकडा आधी संपतो.