पहिला प्रोग्राम सिंथेसायझर लिहिताय? आधी भाषा छोटी ठेवा

सिंथेसायझर म्हणजे दिलेल्या उदाहरणांना जुळणारा प्रोग्राम स्वतःच शोधून काढणारा प्रोग्राम. तो लिहायचा उत्साह छान आहे, पण लूप, रिकर्शन, न्यूरल नेटवर्क हे सगळं सध्या बाजूला ठेवा. एक्सेल २०१३ मधलं फ्लॅश फिल आठवतंय ना, एक-दोन उदाहरणं बघून उरलेला रकाना आपोआप भरणारं? त्याचंच बारकं भावंड बनवा: भाषेत फक्त स्ट्रिंग (अक्षरांची माळ), आणि चार-पाच क्रिया. तुकडा काढणे, जोडणे, चिन्हावर तोडणे, बस्स. बहुतेक जण इथेच फसतात. वीस क्रिया घालतात आणि मग मशीन रात्रभर घरघरत बसतं.

शोध लहानाकडून मोठ्याकडे न्या: आधी एका क्रियेचे सगळे प्रोग्राम, मग दोनचे. दोन प्रोग्राम सगळ्या उदाहरणांवर सारखंच उत्तर देत असतील तर छोटा ठेवा, दुसरा फेकून द्या. ही एक युक्ती नसेल तर तिसऱ्या पायरीलाच दमछाक होते.

उदाहरणं मात्र विचार करून निवडा:

- १२-०५-२०१९ → २०१९. एवढंच दिलंत तर 'कायम २०१९ छाप' हाही बरोबर प्रोग्राम!
- ३-५-२०२१ → २०२१. आता तो गेला, पण 'शेवटची चार अक्षरं' अजून जिवंत.
- ७-११-९८ → ९८. तोही गेला. 'शेवटच्या रेघेनंतरचं' टिकलं.

उदाहरणांत मराठी नावं सुरुवातीला नकोच. पायथनला 'कि'ची लांबी २ वाटते, कारण तो क आणि वेलांटी वेगवेगळी मोजतो. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्यात.

एवढं चाललं की कोड दाखवा, मग क्रमवारीचं, म्हणजे टिकलेल्या प्रोग्रामांतून कोणता आधी निवडायचा याचं, बोलू.