जुना ट्रक स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) उभा असताना रेस आपोआप वर-खाली होते. पंप खोलावा का?

डिझेल पंप खोलणं हा माझा रोजचा धंदा आहे, तरी सांगतो: अजून खोलू नका.

तुम्ही लिहिलंय की सहा सिलिंडरचा जुना ट्रक आहे, इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला डिझेल देणारे भाग एका ओळीत असलेला) आहे, फिल्टर बदलल्यावर थोड्याच दिवसांत स्लोला रेस वर-खाली व्हायला लागली. सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो, लोडवर मात्र गाडी बरी ओढते. आणि मिस्त्री म्हणतोय गव्हर्नर (पंपातला रेस सांभाळणारा भाग) गेला. मला यात फिल्टर बदलणं आणि सकाळचा लांबलेला स्टार्ट या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. गव्हर्नर गेला म्हणून सकाळी गाडी उशिरा उठत नाही. लाइन कुठेतरी हवा घेत असेल तर उशिरा उठते, कारण रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं.

आधी एक खात्री करून घ्या. रेस ठेक्यात चढते आणि उतरते का? तसं असेल तर ते हंटिंग. ठेका नसेल, इंजिन नुसतं धडधडत असेल आणि सायलेन्सरमधून मध्येच फट् असा आवाज येत असेल, तर ते मिसिंग. एखादं सिलिंडर नीट काम करत नाही. मिसिंग शोधायला स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. चांगलं सिलिंडर असेल तर आवाज लगेच बदलतो. ज्याचा नट सैल करूनही इंजिनला काही फरक पडत नाही, ते सिलिंडर आजारी. मग नोझल, टॅपेट, कॉम्प्रेशन तिथे बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फवाऱ्यासमोर हात कधीही नको, तो कातडीच्या आत घुसतो. कॉमनरेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर तर हा प्रयोग करायचाच नाही. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं.

तुमच्या वर्णनावरून हे हंटिंगच आहे. ते होतं कसं, तेवढं समजलं की पुढचं सोपं जातं. या इंजिनात स्लो धरून ठेवायचं काम गव्हर्नरमधली फिरती वजनं आणि स्प्रिंग करतात. रेस पडली की स्प्रिंग रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) ढकलून डिझेल वाढवते, रेस चढली की वजनं फाकतात आणि डिझेल कमी करतात. डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे असले की हुकूम दिला तेवढं डिझेल त्या क्षणी पोहोचत नाही. गव्हर्नर आणखी वाढवतो, आणि मग एकदम जास्त पोहोचतं. गीझरचं पाणी गार लागतं म्हणून नळ वाढवावा आणि दोन मिनिटांनी अंग भाजावं, तसलाच प्रकार. म्हणजे गव्हर्नर धडधाकट असूनही दोषी दिसतो.

व्हिडिओ बघून थ्रॉटल बॉडी धुवा, व्हॅक्यूमचा पाइप बदला असले सल्ले तुम्हाला खाली कुणीतरी देईलच. ते बहुतेक पेट्रोल पिकअपचे असतात. तुमच्या इंजिनात थ्रॉटलची झडपच नाही, सोडून द्या.

आता परीक्षा. एक स्वच्छ कॅन डिझेलने भरून इंजिनपेक्षा उंच बांधा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरून) काढा आणि त्या जागी कॅनमधून चांगला पारदर्शक पाइप जोडा. ओव्हरफ्लोचा (जास्तीचं डिझेल परत नेणारा) परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडा. हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारत फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा, फेस थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच तो आवळा. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू तसाच. गाडी चालू करून पंधरा-वीस मिनिटं स्लोवर ठेवा. हंटिंग गेलं, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्या टप्प्यातच आहे आणि तुमचा पंपाचा खर्च वाचला. गेलं नाही, तर पारदर्शक पाइपचा एक तुकडा फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये घालून बुडबुडे दिसतात का बघा.

टाकीकडच्या बाजूची गळती फसवी असते. तिथे फीड पंप ओढत असतो, म्हणून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं दिसतं आणि माणूस म्हणतो लाइन टाइट आहे. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भागाच्या) वाटीची रबर रिंग, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर, क्लिपखाली चिरलेला रबरी पाइप आणि टाकीत उतरणारी नळी, एवढ्या जागा बघा. नळीला वर कुठे चीर असेल तर टाकी भरलेली असताना गाडी शहाण्यासारखी वागते आणि अर्ध्याखाली गेली की हंटिंग सुरू. ड्रायव्हरला हे नक्की विचारा.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय फिल्टरवर आहे. जुनी रिंग खाचेतच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, किंवा तांब्याचे तेच वायसर पुन्हा लावले जातात. वापरलेला तांब्याचा वायसर दाबून कडक झालेला असतो, त्यावर बोल्टच्या कडेचा वर्तुळाकार चर दिसतो. लालभडक तापवून पाण्यात टाकला की तो मऊ होतो, रस्त्यात अडलात तर चालेल. गावात असाल तर नवाच घाला, चहाच्या पैशांत येतो.

टाकीचं झाकण उघडूनही बघा. फुस्स करून हवा आत गेली आणि रेस सरळ झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय. पावसाळ्यात सेपरेटरमधलं पाणी काढत जा. पंपावरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मेलेली असली तरी पंपाला पुरेसं प्रेशर मिळत नाही. तो व्हॉल्व्ह पंप न उतरवता बदलता येतो.

स्लो वाढवून हंटिंग झाकू नका. आणि गव्हर्नरच्या मागच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू आत पिळून हंटिंग बंद करणारे काही लोक आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. काही गव्हर्नरमध्ये तो जास्त आत गेला की डिझेल कमीच होत नाही आणि इंजिन बेफाम पळतं. सील तोडून डिझेल वाढवणंही नको.

एवढं करून कॅनवरही रेस हललीच, बुडबुडा एकही नाही, तर मग पंप बघायला हवा: अडकणारा रॅक, झिजलेले वजनांचे बुश, थकलेली स्प्रिंग. उतरवण्याआधी पंप आणि इंजिन दोन्हींवर टायमिंगची खूण करून घ्या. दुकानदाराला सांगा की खोलायच्या आधी बेंचवर चढवून सहाही लाइनचं डिझेल मोजा, कागदावर लिहून द्या, आणि काम झाल्यावरचे आकडे त्याच कागदावर लिहा. बदललेले जुने पार्ट परत मागा. काचकूच करणाऱ्या दुकानात पंप ठेवू नका.