डी.आय. (डक्टाइल आयर्न, म्हणजे लोखंडी) पाइपऐवजी एचडीपीई (उच्च घनतेच्या प्लॅस्टिकचा) पाइप मान्य करण्यासाठी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कसे पटवावे?

नाशिकमधील नव्या वसाहतीसाठी हा अर्ज करताना स्वस्ताईचा मुद्दा पुढे करू नये. अभियंत्याला खरी काळजी उद्याच्या गळतीची असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्या हालचालीचा ताण सांध्यांवर येतो. पाइपची टोके वितळवून जोडलेल्या एचडीपीई वाहिनीत मात्र निसटणारे सांधे नसतात, हे आपल्या जागेच्या माती-परीक्षणाच्या अहवालासह मांडावे. पाइप आयएस ४९८४ या भारतीय मानकानुसार पीई १०० (प्लॅस्टिकच्या मजबुतीची श्रेणी) दर्जाचा असल्याचे चाचणी-प्रमाणपत्र जोडावे. नळजोडण्या कशा देणार आणि वाहिनी फुटल्यास जोडयंत्र व कुशल कारागीर किती वेळात पोहोचतील, याचे लेखी उत्तर आधीच द्यावे, कारण माझ्या मते नकाराचे मूळ बहुधा तिथेच असते. विभागाच्या अभियंत्यांसमोर एका गल्लीत दाबचाचणी करून दाखवण्याची तयारीही नमूद करावी.