मूकपटांच्या विनोदात वेशांतर आणि चुकीची ओळख इतकी का दिसते?

मुख्य कारण आवाज नसणं. माणूस कोण आहे हे कपडे, टोपी, चाल यांवरूनच कळायचं. म्हणजे कपडे बदलले की माणूसच बदलला! बोलपटात आवाजावरून पितळ उघडं पडलं असतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन याच्या १९२१च्या 'द गोट'चं. पोलीस एका खुनी कैद्याचा फोटो काढत असतात. मागच्या खिडकीच्या गजांतून कीटन सहज डोकावतो. कैदी हळूच खाली वाकतो आणि फोटो निघतो तो कीटनचा. वर कैदी लेन्सवर आपली टोपी ठेवतो, म्हणजे पुढचा फोटो येऊच नये. मग कैदी पळतो आणि गावभर पोस्टर लागतात, गजांमागच्या कीटनच्या चेहऱ्याची. एकही शब्द न बोलता हे सगळं समजतं. खरं काय ते आपल्याला ठाऊक, पडद्यावर मात्र कुणालाच नाही. हसू तिथूनच येतं.

चॅप्लिनने १९१५च्या 'अ वुमन'मध्ये मिशी काढून बाईचं सोंग घेतलं. पण 'द पिलग्रिम' (१९२३) त्याहून सरस. पळालेला कैदी पाद्र्याचे कपडे घालतो, गावकरी त्याला नवे पाद्री समजतात आणि त्याला प्रवचन द्यावं लागतं. तो बायबलमधली डेव्हिड आणि गोलायथची गोष्ट नुसत्या हातवाऱ्यांनी उभी करतो. तेवढा एक प्रसंग तरी जरूर बघा.